कुणाच्या घड्याळात आठ

"फाटक बंद केलंय," फोनमधून हनान म्हणाली. तिच्यामागे गाडीत कुणीतरी कण्हत होतं. तो यासिन, तिचा नवरा.

यासिनची थोरली बहीण माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. तिचं नाव उम्म समीर. फोन ओट्यावर होता, आवाज मोठा केलेला. गाडी तिकडे पॅलेस्टाईनमध्ये, त्यांच्या गावाच्या वेशीवर उभी होती आणि आम्ही दोघी बहरीनमध्ये, बुदैयाला.

"बंद कसं? आठपर्यंत उघडं असणार असं सांगितलं होतं. तिकडे आत्ता साडेसात वाजलेत," उम्म समीर म्हणाली.

"सैनिक म्हणतो, साडेआठ वाजलेत. म्हणतो, उद्या या."

उम्म समीरनं माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यात साडेआठच वाजले होते. ते बहरीनचे साडेआठ. तिकडचं घड्याळ आमच्यापेक्षा तासभर मागे असतं, हे ती झोपेतही विसरत नसे. मग तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "त्यांनी घड्याळ पुढे केलं."

यासिनच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा त्याला नाब्लूसच्या हॉस्पिटलात यंत्रावर रक्त धुवून घ्यावं लागे. गावाचं फाटक काही दिवस बंद होतं म्हणून एक खेप आधीच चुकली होती. ही दुसरी. त्याचे पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि आदल्या रात्रीपासून त्याला धाप लागत होती. आजची खेप चुकली तर काय होईल, ते माझी मुलगी लीना हिनं मला ड्यूटीला जाताना सांगून ठेवलं होतं. लीना नर्स आहे, ती गोड बोलत नाही. म्हणाली, "आई, हार्ट थांबतं."

घड्याळाचं प्रकरण मला नंतर कळलं. उन्हाळा आला की इस्रायलवाले घड्याळ तासभर पुढे करतात. पॅलेस्टाईनवालेही करतात, पण रमजान चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबतात. त्यामुळे त्या थोड्या आठवड्यांत एकाच रस्त्यावर दोन वेळा असतात. गाव एका वेळेला उठतं आणि फाटक दुसऱ्या वेळेला उघडतं. इस्रायली सैन्यानं आदल्याच रात्री घड्याळ बदललं होतं. निरोप आला होता तो एवढाच, उद्या सात ते आठ. कुणाच्या घड्याळात, ते कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आणि साडेसातला पोहोचा हे उम्म समीरनंच सांगितलं होतं. हनान म्हणत होती, सहापासून जाऊन रांगेत उभे राहतो. ही म्हणाली, "नको. त्याला गाडीत बसवत नाही. फाटक उघडलं की पहिली गर्दी जाऊ दे, मग जा." भावाला त्रास नको म्हणून सांगितलं, आणि चुकलं.

ही बाई कोण होती ते सांगते.

मी वसईची. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले, मग वाडीत केळीला पाणी सोडायला लागले. लीनाला मूल झालं तेव्हा ते सांभाळायला बहरीनला आले आणि राहूनच गेले. इमारतीत आमच्या समोरचं दार उम्म समीरचं. तिचा नवरा इथं शाळेत गणित शिकवायचा, तो मी यायच्या आधीच गेला. आता ती मुलगा समीर आणि सून यांच्याजवळ राहायची. अरबांत बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, समीरची आई म्हणून उम्म समीर. मला मुलगा नाही, तर तिनं मला उम्म लीना करून टाकलं. आमचं बोलणं म्हणजे खिचडी. तिला दुकानात शिकलेलं हिंदी यायचं, मला कामापुरतं अरबी. भांडायला पुरत होतं.

अंगानं ती आडवी, बुटकी. डोक्याला पांढरा रुमाल, पायात बारा महिने बूट. घरातसुद्धा बूट. मी एकदा म्हटलं, "चपला घाल की, पाय उकडत नाहीत?" म्हणाली, "चपलेवर पळता येत नाही." सत्तरीला आलेली बाई. कुठं पळणार होती देव जाणे.

ती रोज सकाळी माझ्याकडे यायची, त्याला कारण प्रेम नव्हतं. आमचं वायफाय चांगलं होतं. आणि तिच्या सुनेला सकाळी सकाळी फोनवरचा आरडाओरडा चालत नसे. दोन फोन घेऊन ती स्टुलावर बसायची. तिकडच्या लोकांचा एक ग्रुप होता. कुठल्या रस्त्यावर सैनिक उभे आहेत, कुठलं फाटक उघडं आहे, कुठं गाड्या अडकल्यात, हे गाडीवाले त्यात बोलून टाकायचे. 'सालिक' म्हणजे रस्ता मोकळा. 'मसक्कर' म्हणजे बंद. दिवसभर हेच दोन शब्द. यासिनचं घर गावाच्या टोकाला, तिथं फोनला रेंज नीट नाही, आणि गाडी चालवताना हातात फोन दिसला तर सैनिक खाली उतरवतात. म्हणून ही इथं बसून ऐकायची आणि त्यांना एकच फोन करायची, "वरच्या रस्त्यानं जा, खालचा मसक्कर आहे." हजार मैलांवरून भावाची गाडी हाकायची.

त्या रस्त्यावर ती स्वतः कित्येक वर्षांत गेली नव्हती. पण कुठल्या वळणावर खड्डा आहे ते तिला पाठ होतं. आणि आमच्या खालच्या बुदैया हायवेवर पेट्रोल पंप डावीकडे की उजवीकडे, ते विचारा, नाही सांगता यायचं.

बोलण्यातही ते दोन शब्द शिरले होते. लिफ्ट आली का हे विचारायचं तर, "सालिक?" न्हाणीघरात कुणी असलं तर, "मसक्कर." तिच्या सुनेच्या तोंडाकडे बघून एकदा म्हणाली, "आज तिकडे जाऊ नकोस. पूर्ण मसक्कर." मी हसले तर रागावली. विनोद करायची आणि कुणी हसलं की तिला राग यायचा.

थंडीत इथं शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. पायी दहा मिनिटांवर. आम्ही दोघी जायचो. निघताना ती एवढी मोठी पिशवी घ्यायची. त्यात पाणी, रोटी, खजूर, रक्तदाबाच्या गोळ्या, एक शाल आणि ओळखपत्र.

मी म्हटलं, "अगं बाई, पालक आणायला चाललोय. हजला नाही."

ती म्हणाली, "उम्म लीना, तुम्ही लोक जाता आणि येता. आम्ही जातो, मग बघतो."

बाजाराच्या तोंडाशी एक पोलीस गाड्यांना हात करत होता. आम्ही पायी, आमचा त्याच्याशी काय संबंध. पण हिनं पिशवीतून ओळखपत्र काढून हातात धरलंच. पोलीस बिचारा म्हणाला, "काय झालं, हज्जिया?" ती म्हणाली, "काही नाही," आणि कार्ड परत आत टाकलं. मग पालकवाल्याशी अशी भांडली की त्यानं कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. तिथल्या ऑलिव्हच्या तेलाचा तिनं नुसता वास घेतला आणि बाटली खाली ठेवली. "हे इंजिनात घाल," म्हणाली.

गावाकडे ती दर दोन-तीन वर्षांनी जाऊन यायची. तिथलं ओळखपत्र जाऊ नये म्हणून. विमानानं अम्मान, तिथून गाडी, मग नदीवरचा पूल. पुलावर आधी जॉर्डनवाले, मग इस्रायलवाले, मग त्यांचे स्वतःचे. तीनदा रांग, तीनदा तेच प्रश्न. तिची आई आजारी पडली तेव्हा ती अशीच निघाली. पुलावर पोहोचली तर पूल बंद. कधी उघडेल ते कुणालाच माहीत नाही. पुलाच्या अलीकडे लॉजवर राहिली. पूल उघडून घरी पोहोचली तोवर आईला पुरलं होतं आणि तीन दिवसांचं सुतकही उरकलं होतं. लोकांनी खुर्च्या उचलून नेल्या होत्या.

हे तिनं मला भेंडी चिरता चिरता सांगितलं. मी विचारलं, "मग काय केलंस?"

"खुर्च्या परत मागवल्या," ती म्हणाली. "म्हटलं, मी आले आहे. पुन्हा बसा. तीन दिवस बसवलं सगळ्यांना."

अशी बाई. गावाला पुन्हा सुतक धरायला लावणारी.

आमचं एकदा मोठं भांडण झालं. मीच काढलं. यासिनच्या किडन्या जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. हनान म्हणत होती, आपण नाब्लूसला हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहू, म्हणजे फाटकाची कटकट नको. यासिनही तयार होता. आणि ही इथून फोनवर नाही म्हणत होती. रोज तेच. हनान रडायची, ही ओरडायची.

मी म्हटलं, "जाऊ दे की त्यांना. माणूस मोठा की घर?"

तिनं सांगितलं ते असं. त्यांचं घर गावातलं शेवटचं. समोरच्या टेकडीवर इस्रायली वस्तीवाले येऊन राहिलेत. आधी पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, आता रस्ता आहे, दिवे आहेत. ते खाली येतात, झाडं तोडतात, पाण्याच्या टाकीला भोकं पाडतात. शेजारचं घर दोन वर्षांपूर्वी रिकामं झालं. घरवाले घाबरून लेकीकडे राहायला गेले. आता त्या घराकडे गावातल्या कुणालाही जाता येत नाही, त्या आवारात वस्तीवाल्यांच्या शेळ्या चरतात. "घरात दिवा पाहिजे," ती म्हणाली. "धूर पाहिजे. दोरीवर कपडे पाहिजेत. एक महिना नाही दिसले की खलास."

मला हे कळत होतं. आमच्या वाडीवरही आता सात मजली इमारत आहे. पण ती आम्ही विकली होती, कागदावर सही करून. कुणी शेळ्या सोडून घेतली नव्हती. तरीही मी माझं म्हणणं सोडलं नाही. तोंडावर म्हटलं, "हट्ट तुझा आणि जीव त्याचा. तू इथं एसीत बसून त्याला तिथं बसवतेस."

ती उठली. दोन्ही फोन उचलले आणि गेली. आठवडाभर समोरचं दार उघडलं की मला बघून बंद व्हायचं. मग एके दिवशी कोंबडी-भाताचं पातेलं घेऊन आली, ताटात उलटं करून सगळं नीट उतरवलं आणि म्हणाली, "तू बोललीस ते खरं आहे. पण तुझं बोलणं खरं असलं म्हणून घर वाचत नाही. खा."

मी खाल्लं. मीठ कमी होतं, तेही सांगितलं.

तर त्या सकाळी हे सगळं तिच्या डोक्यात असणार. हट्ट तिचा होता, वेळही तिनंच सांगितलेली. तिचा रोजा होता, माझाही ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता, दोघींच्या पोटात काही नाही. मला वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला, घट्ट बांधला आणि फोनवर वाकली.

"हनान, गाडीत राएद आहे ना?" राएद म्हणजे त्यांचा मुलगा, तो टॅक्सी चालवतो.

"आहे."

"गाडी मागे घ्या. वाटेवरच्या फातिमाच्या दारात प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. हात असलेली एक घ्या. हातवाली, लक्षात ठेव. शाळेमागच्या ऑलिव्हच्या शेतातून खाली उतरा. तिथं मातीचा बांध आहे. बांधापलीकडे डांबरी रस्ता."

"आत्या," राएद म्हणाला, "त्या शेतातून कालच एकाला परत पाठवलंय. गोळी झाडली हवेत."

"तो पळत होता का?"

"हो."

"तुम्ही चाला. आजारी माणूस वर दिसू दे. खुर्ची उंच धरा. आणि हनानला पुढे ठेव, बाई पुढे. यल्ला, निघा."

एवढं बोलून तिनं दुसरा फोन माझ्या हातात कोंबला. त्यावर ती ग्रुपमध्ये बोलली होती, बांधापलीकडच्या रस्त्यावर गाडी हवी, माणूस यंत्राचा आहे. मला म्हणाली, "कुणी बोललं की मला दे." मी धरून उभी राहिले. एरवी अशा वेळी मी माळ जपते. हात अडकलेले होते, म्हणून राहिलं.

हनानचा फोन चालूच होता, तिच्या खिशात. आम्हाला नुसते आवाज येत होते. गाडीचं दार. कुणीतरी "खुर्ची, खुर्ची" म्हणत होतं. मग पाचोळ्यावर पावलं, दगड घसरल्याचे आवाज, आणि यासिनचा श्वास. तो श्वास मी विसरणार नाही. ओल्या फडक्यातून हवा ओढावी तसा. मध्येच तो म्हणाला, "मला खाली ठेवा." उम्म समीर फोनवर ओरडली, "ठेवू नका! यासिन, तू गप्प बस. लहानपणी मी तुला याच शेतातून कडेवर नेलंय, तेव्हाही अशीच किरकिर करायचास."

खुर्चीवरून हसल्यासारखा आवाज आला. मग खोकला.

माझ्या हातातला फोन बोलला. एक अनोळखी माणूस होता. म्हणाला, मी बांधाजवळ आहे, पांढरी गाडी, पण फार वेळ थांबता येणार नाही. उम्म समीरनं त्याला अल्लाची, त्याच्या आईची आणि त्याच्या मुलांची शपथ घातली. मग म्हणाली, "बॉनेट उघडून उभा राहा. गाडी बिघडल्यासारखं कर."

तेवढ्यात हनानच्या फोनमधून एक ओरडणं ऐकू आलं. तुटक अरबी. थांबा. पावलं थांबली.

हनानचा आवाज आला, "आजारी आहे. हॉस्पिटल." पुन्हा ओरडणं. हनान म्हणाली, "खाली बसा म्हणतोय." मग बराच वेळ काही नाही. नुसता वारा आणि तो श्वास. उम्म समीरनं एक शब्द काढला नाही. खिशातून आवाज आला तर सैनिक फोन काढून घेईल, हे तिला ठाऊक होतं. तिनं ओट्याची कड धरली होती. मी गॅसवरचं दूध बंद केलं, तर तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बाँब फोडला.

किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. त्या दिवशी घड्याळाकडे बघायची मला किळस आली होती. पांढऱ्या गाडीवाला दोनदा बोलला, की मी निघतो. दोन्ही वेळा उम्म समीर दाराबाहेर जिन्यात जाऊन दबक्या आवाजात त्याच्याशी बोलली. पहिल्यांदा विनवलं. दुसऱ्यांदा शिव्या घातल्या असाव्यात, कारण वरच्या मजल्यावरचा इजिप्तचा माणूस दार उघडून बघायला लागला. गाडीवाला थांबला.

मग हनान सैनिकाशी पुन्हा बोलली. काय बोलली ते आम्हाला नीट ऐकू आलं नाही. नंतर तिनं सांगितलं, तिनं यासिनची पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि त्याच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. सैनिक पोरसवदा होता. त्यानं तो खड्डा पाहिला, बाजूच्याशी बोलला आणि हातानं खूण केली. जा. राएदला मात्र ठेवून घेतलं. म्हणजे खुर्ची उचलायला हनान एकटी.

"उतर," हनान म्हणाली. "यासिन, उतर. बांधापर्यंत चाल."

तो चालला. कसा चालला ते त्याचं त्याला माहीत. बांधावर गाडीवाला चढून आला आणि त्यानं त्याला पलीकडे ओढून घेतलं. गाडीचं दार लागलं. बॉनेट आपटलं. हनान फोनवर एवढंच म्हणाली, "बसलो."

उम्म समीर स्टुलावरून उठली, नळाखाली तोंड धुतलं आणि म्हणाली, "त्यांना वस्तीवाल्यांच्या चौकातून नको पाठवायला. तो फोन दे." आणि पुन्हा सुरू झाली.

राएदला संध्याकाळी सोडलं. हात बांधून दिवसभर उन्हात बसवला होता.

ईद झाली आणि तिनं जाहीर केलं, मी गावाला जाणार. राहायला. समीर घरात ओरडला ते आम्हाला दार बंद असून ऐकू आलं. सून रडली. लीनानं रक्तदाब सांगून पाहिला. मग मी गेले.

"वेडी आहेस का?" मी म्हटलं. "ते फाटक तुला खाऊन टाकील."

ती कपाट आवरत होती. म्हणाली, "उम्म लीना, माझ्या किडन्या चांगल्या आहेत. फाटक उघडलं काय, बंद झालं काय, मला कुठं जायचंय? त्याला बाहेर जावं लागतं, तो बाहेर राहील. मला आत बसता येतं, मी आत बसेन. दोरीवर कपडे माझेही वाळतात."

मी तिला कपड्यांच्या घड्या घालायला मदत केली.

तिचं शेवटचं दर्शन आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये झालं. सुनेनं बॅग भरून दिली होती, टॉवेल, साबण, चॉकलेटं, कुणाकुणाला द्यायला. समीरनं ती डिकीत टाकली. हिनं ती खाली काढायला लावली, भर उन्हात जमिनीवर उघडली, आणि पुलावर ही कोण उचलणार असं म्हणत निम्मं सामान सुनेच्या हातात परत दिलं. गोळ्या ठेवल्या, लोकरी मोजे ठेवले. बॅग उचलून बघितली. आणखी एक टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला. मग पुढच्या सीटवर बसली आणि दार स्वतः ओढून घेतलं. मला हात केला नाही. तिचं लक्ष समीरच्या सीटच्या पट्ट्याकडे होतं. तो लावला की नाही ते बघत होती.

पूल उघडा होता. ती पोहोचली.

यासिन वाचला. तो आणि हनान नाब्लूसमध्ये हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहतात, आणि यंत्राच्या दिवशी तो चालत जातो. गावातल्या त्या शेवटच्या घरात उम्म समीर राहते.